टीमप्रमुखाच्या शब्दाचं वजन

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी सात वर्षं ग्राफिक डिझायनर होतो. चार महिन्यांपूर्वी आठ जणांच्या क्रिएटिव्ह टीमचा प्रमुख झालो. मीटिंगमध्ये कुणी तोंड उघडत नाही. मी काही म्हटलं की सगळे माना डोलावतात. म्हणून एकदा 'तुम्हीच ठरवा' म्हणून पाहिलं, तर काम भरकटलं. वरिष्ठ म्हणतात, अजून ठाम हो. माझ्याबरोबरच नोकरीला लागलेली सहकारी म्हणते, तू पूर्वीचा राहिला नाहीस. नम्र राहून टीम चालवता येते का? आणि कशी?"

येते. मी स्वतः आधी डिझायनर, मग आर्ट डायरेक्टर होते आणि गेली बारा वर्षं टीमप्रमुख आहे. तुमचा प्रश्न वाचताना मला माझं पहिलं वर्ष आठवलं, कारण तुम्ही लिहिलेली प्रत्येक गोष्ट तेव्हा माझ्याही वाट्याला आली होती. त्या वेगवेगळ्या अडचणी आहेत असं मला वाटायचं. आज त्यांचं मूळ एकच दिसतं: चार महिन्यांपूर्वी तुमच्या शब्दाचं वजन बदललं, आणि बोलण्याची सवय मात्र जुनीच राहिली.

एका पोस्टरकडे बघत मी जाता जाता म्हटलं होतं, "हा निळा जरा थंड वाटतो का गं?" आणि पुढच्या मीटिंगला निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे सहा लेआउट आले, सगळे नारिंगी. ती मुलगी रात्री उशिरापर्यंत बसली होती. निळा रंग तिने विचार करून निवडला होता, आणि तिचा विचार बरोबर होता. मी विचारला होता प्रश्न, तिला ऐकू आला हुकूम. यात तिची काही चूक नव्हती. कुठलं काम कुणाला द्यायचं, बढतीसाठी कुणाचं नाव सुचवायचं, हे ज्याच्या हातात असतं त्याचा प्रश्न कुणीच नुसता प्रश्न म्हणून ऐकत नाही. आपण पूर्वीसारखेच आहोत, साधे आहोत, मनमोकळे आहोत, असं आपल्याला कितीही वाटलं तरी समोरच्याला आपली खुर्ची आधी दिसते.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. आपण जे बोलतोय त्याचं वजन आपणच सांगायचं. "हे मला आत्ता नुसतं सुचलंय, सोडून दिलंस तरी चालेल." "यावर माझं मत पक्कं आहे, पण निर्णय तुझा." "हे बदलावंच लागेल." तीन पायऱ्या पुरतात. सुरुवातीला हे कृत्रिम वाटतं, अगदी दर वाक्याला चिठ्ठी चिकटवल्यासारखं. दोन-तीन आठवड्यांत टीमच विचारायला लागते, "हे सुचवणं आहे की बदलायचंच आहे?" हा प्रश्न ज्या दिवशी कानावर येईल त्या दिवशी समजा की जमायला लागलं. मात्र यात एक अट फार कडक आहे. "सोडून दिलंस तरी चालेल" म्हणालात आणि त्याने खरंच सोडून दिल्यावर तुमचा चेहरा उतरला, तर ती चिठ्ठी कायमची खोटी ठरते. पुढे तुम्ही दहा वेळा म्हणालात तरी कुणी विश्वास ठेवणार नाही. माझ्या मते नम्रतेची खरी परीक्षा इथे होते. आवाज मऊ ठेवणं सोपं आहे. आपली सूचना कुणी बाजूला ठेवली, काम तरीही चांगलं झालं, आणि ते आपण मनापासून कबूल केलं, हे अवघड आहे.

आता मीटिंगमधल्या शांततेकडे येऊ. टीम बोलत नाही म्हटलं की आपण लोकांच्या स्वभावाला दोष देतो: बुजरे आहेत, होयबा आहेत. बहुतेक वेळा मीटिंगची रचनाच अशी असते की बोलणं अवघड व्हावं. गोल बसून एकेकाने कल्पना सांगायच्या ही ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत ॲलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकी जाहिरात व्यावसायिकाने रुजवली, आणि आपण सगळे तिला पवित्र मानत आलो. पण १९५८ मध्येच येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक या संशोधकांनी ती तपासून पाहिली होती. चौघे एकत्र बसून जितक्या कल्पना काढतात, त्याच्या जवळपास दुप्पट कल्पना चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या एकत्र केल्यावर मिळतात, असं त्यांना आढळलं. पुढे १९८७ मध्ये जर्मनीत डील आणि श्ट्रोबं यांनी त्याचं मुख्य कारण दाखवून दिलं: गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत कल्पना धरून ठेवतात, तेवढ्यात ती निसटते, किंवा आधीचं ऐकून 'माझं फालतू आहे' असं वाटून ते ती गिळून टाकतात. त्यात प्रमुखाने पहिलं मत दिलं तर बघायलाच नको. पुढचा तासभर सगळे त्याच मताची री ओढतात.

म्हणून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे. पहिली दहा मिनिटं कुणीच बोलत नाही, प्रत्येक जण कागदावर लिहितो किंवा रेघोट्या काढतो. मीसुद्धा. मग कागद भिंतीवर लागतात आणि सगळ्यांत नवा माणूस आधी बोलतो. मी शेवटी. दूर बसून काम करणारी टीम असेल तर हेच एका सामायिक पानावर करता येतं, नावं झाकून केलं तर आणखी चांगलं. एक सावधगिरी मात्र हवी. 'मी शेवटी बोलणार' याचा अर्थ 'उत्तर माझ्याकडे आहे, तुम्ही ओळखा' असा व्हायला नको. तुमचं मत आधीच पक्कं असेल तर चर्चेचं नाटक करू नका. "दिशा ठरली आहे, ती अशी आहे, ती कशी साधायची यावर मला तुमची मदत हवी आहे" असं सरळ सांगा. लोकांना हुकूम चालतो. ठरलेल्या गोष्टीवर मत विचारलं जातं तेव्हा मात्र त्यांना फसवल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या वेळी ते खरंच मत हवं असतानाही गप्प बसतात. मीटिंगमधली शांतता पुष्कळदा अशा जुन्या फसवणुकीतून आलेली असते. कदाचित तुमच्या आधीच्या प्रमुखाकडून आलेली असेल. ती ओसरायला वेळ लागेल, तेवढा द्या. आणि एक लक्षात असू द्या: काही जण बोलून विचार करतात, काही लिहून. जो मीटिंगमध्ये गप्प असतो आणि रात्री लांबलचक मेल पाठवतो, त्याला 'मीटिंगमध्ये बोलत जा' असा आग्रह करू नका. त्याचा मेल मीटिंगच्या आधी येईल अशी सोय करा.

तुमच्या प्रश्नातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग मला तो वाटला जिथे तुम्ही "तुम्हीच ठरवा" म्हणालात आणि काम भरकटलं. इथे बहुतेक चांगल्या मनाचे प्रमुख चुकतात. नम्र राहायचं म्हणून ते अस्पष्ट राहतात. 'मी कोण सांगणारा, तुम्ही कलाकार आहात' हे ऐकायला छान वाटतं, पण काम करणाऱ्याच्या डोक्यावर त्याचं ओझं पडतं. त्याला आता दोन कामं करावी लागतात: डिझाइन करायचं आणि तुमच्या मनात काय आहे ते ओळखायचं. दुसरं काम पहिल्यापेक्षा जास्त थकवतं.

आणि आपल्या मनातलं समोरच्यापर्यंत किती कमी पोचतं, याची आपल्याला कल्पना नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये आपल्या प्रबंधासाठी एक प्रयोग केला. एकाने सगळ्यांना माहीत असलेलं गाणं टेबलावर बोटांनी नुसतं ठोकून दाखवायचं, दुसऱ्याने ते ओळखायचं. ठोकणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. ठोकणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल वाजत असते, ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त टकटक पडते. मी ब्रीफ देताना, म्हणजे काय काम करायचं ते टीमला समजावताना, हा प्रयोग आठवते. "जरा ताजं हवं", "थोडं धाडसी करू", "भावनेला हात घालणारं" ही सगळी टकटक आहे. तुमच्या डोक्यात चाल वाजतेय म्हणून तुम्हाला ती स्पष्ट वाटते.

चांगल्या ब्रीफमध्ये माझ्या मते चार गोष्टी उलगडून सांगितलेल्या असतात. हे कोणासाठी आहे, आणि तो माणूस हे पाहतो तेव्हा कुठे असतो, काय करत असतो. हे पाहिल्यावर त्याने काय वेगळं करावं किंवा त्याला काय वेगळं वाटावं. काय अजिबात हलवायचं नाही: तारीख, मजकूर, आकार, कायद्याने घालावी लागणारी ओळ, बोधचिन्हाचे नियम. आणि काय पूर्ण मोकळं आहे. ही चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात. कुंपण कुठे आहे हे नीट सांगितलं की आतली जागा किती मोठी आहे हेही कळतं. कुंपणच दिसलं नाही तर माणूस मैदानाच्या मधोमध उभा राहतो, कडेपर्यंत जाण्याचं धाडस करत नाही. 'मोकळीक दिली तरी हे नवीन काही करत नाहीत' अशी तक्रार करणाऱ्या प्रमुखांनी आपण कडा दाखवल्या होत्या का, हे आधी तपासावं.

ब्रीफ देऊन झाल्यावर "समजलं ना?" विचारू नका. त्याला एकच उत्तर असतं, आणि ते 'हो' असतं. मी विचारते, "मी किती नीट सांगितलं ते मला बघायचंय. तू हे काम दुसऱ्या कुणाला समजावत असशील तर कसं सांगशील?" परीक्षा माझ्या सांगण्याची आहे, त्याच्या समजण्याची नाही, हे शब्दांतून कळायला हवं. दर तीन ब्रीफपैकी एकात तरी मला धक्का बसतो. मी ठणकावून सांगितलेली गोष्ट त्याच्याकडे पोचलेलीच नसते, आणि सहज बोलून गेलेलं वाक्य त्याने मुख्य मानलेलं असतं. पाच मिनिटांचं हे काम पुढचे पाच दिवस वाचवतं.

आता कामाचा रिव्ह्यू. क्रिएटिव्ह टीममध्ये माणसं जिंकली किंवा गमावली जातात ती इथे. रचनाकाराने स्वतःचा तुकडा बाहेर काढून ठेवलेला असतो, आणि आपण घाईत "हं, नाही जमलं" म्हणून मोकळे होतो. लिझ लर्मन या अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास प्रतिक्रियेची एक पद्धत बांधली. मी ती तंतोतंत पाळत नाही, पण तिचा क्रम मला अतिशय शहाणा वाटतो. आधी बघणाऱ्यांनी सांगायचं की या कामात त्यांना काय अर्थपूर्ण वाटलं, काय मनात राहिलं. मग काम करणारा प्रश्न विचारतो: "मला या भागाची शंका आहे, तुम्हाला तिथे काय वाटलं?" मग बघणारे प्रश्न विचारतात, पण ज्यात मत दडलेलं नाही असे. "इतकं गर्दीचं का केलंस?" हा प्रश्न नव्हे, ते मत आहे. "या पानावर नजर आधी कुठे जावी असं तुला वाटतं?" हा प्रश्न. आणि शेवटी मत, तेही "टायपोग्राफीबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?" असं विचारून. काम करणारा 'आत्ता नको' म्हणू शकतो.

वाचताना हे फार सांभाळून घेणारं वाटेल. माझा अनुभव उलटा आहे. या क्रमाने गेल्यावर टीका जास्त धारदार करता येते, कारण ऐकणारा स्वतःला वाचवण्यात गुंतलेला नसतो. तिसऱ्या पायरीवरच्या प्रश्नांमध्येच पुष्कळदा त्याला स्वतःची चूक दिसते, आणि स्वतःला दिसलेली चूक माणूस दुप्पट उत्साहाने दुरुस्त करतो.

रिव्ह्यू सुरू करण्याआधी टप्पाही विचारून घ्या. पेन्सिलचं कच्चं काम दाखवणाऱ्याला अक्षरांमधल्या अंतराबद्दल बोलणं आणि उद्या छपाईला जाणाऱ्या कामावर "मूळ कल्पनाच पटत नाही" म्हणणं, दोन्ही सारखेच क्रूर प्रकार आहेत. आणि "आवडलं", "नाही आवडलं" हे शब्द काही महिने बंद ठेवून बघा. त्याऐवजी बघताना तुमच्या बाबतीत काय घडलं ते सांगा. "माझी नजर आधी खालच्या ओळीवर गेली, नाव मला तिसऱ्यांदा पाहिल्यावर दिसलं." हे वाक्य खोडता येत नाही, कारण ते खरंच घडलेलं आहे. यात दुखणं सांगितलंय, औषध सांगितलेलं नाही. औषध ज्याचं काम आहे त्याने शोधायचं. पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओत ब्रेनट्रस्ट नावाची बैठक याच तत्त्वावर चालते. अनुभवी दिग्दर्शक आणि लेखक एकमेकांच्या अपुऱ्या सिनेमावर अगदी स्पष्ट बोलतात, पण त्या बैठकीला कसलाही अधिकार नाही. सूचना घ्यायच्या की नाही, हे त्या सिनेमाचा दिग्दर्शक ठरवतो. स्टुडिओच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एड कॅटमल यांनी ही गोष्ट वारंवार सांगितली आहे, आणि मला वाटतं तिथल्या स्पष्टपणाचं रहस्य यातच आहे. बोलणाऱ्याच्या हातात दांडा नसला की ऐकणाऱ्याला ऐकणं परवडतं.

तुम्ही मात्र प्रमुख आहात, तुमच्या हातात दांडा आहेच. म्हणून तुमच्यासाठी एक जादा नियम: माऊस हातात घेऊ नका. कळकळीने सांगते. सात वर्षं हातात कला मुरलेल्या माणसाला समोरच्या पडद्यावर तीन मिनिटांत सुटणारी गोष्ट दिसत असते, आणि बोटं शिवशिवतात. तुम्ही म्हणता, "जरा सरक, दाखवतो." तीन मिनिटांत ते खरंच छान होतं. पण त्या तीन मिनिटांत ते काम त्याचं राहत नाही, तुमचं होतं. पुढच्या वेळी तो अर्धवट काम आणतो, कारण शेवटचा हात तुम्हीच फिरवणार हे त्याला माहीत असतं. मग तुम्ही म्हणता, हे लोक पूर्ण विचार करत नाहीत. मी दोन वर्षं हे केलं, आणि त्या दोन वर्षांत माझ्या टीममधला एकही माणूस वाढला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांची ती वर्षं मी परत देऊ शकत नाही.

चुकांबद्दल थोडं. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे आले: ज्या टीममध्ये आपसांतले संबंध चांगले होते तिथे चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. नंतर उलगडा झाला तो असा, की त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, चुका लपवत नव्हत्या. १९९९ मध्ये तिने यावर जो शोधनिबंध लिहिला त्यातून मानसिक सुरक्षितता, म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तरी आपल्याला त्रास होणार नाही हा विश्वास, हा शब्द सगळीकडे पोचला. आपल्या कामात याचा अर्थ अगदी रोजचा आहे: फाइल चुकीच्या रंगप्रणालीत गेली, फोटोचा परवाना घ्यायचा राहिला, जुनं व्हर्जन छपाईला गेलं, हे तुम्हाला आज कळतं की छापून आल्यावर कळतं. १९९८ मध्ये पिक्सारचा टॉय स्टोरी २ तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेने सिनेमाच्या बहुतेक फाइल सर्व्हरवरून पुसल्या गेल्या, आणि बॅकअपही नीट चालत नव्हता. एका तंत्रदिग्दर्शिकेने बाळंतपणानंतर घरून काम करण्यासाठी प्रत घरी नेली होती, त्यातून काम परत मिळालं. या गोष्टीतला मला सगळ्यांत भिडणारा भाग कॅटमल यांनी सांगितलेला आहे: ती आज्ञा कोणी दिली हे शोधण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. बॅकअप का चालला नाही, हे मात्र शोधलं.

टीमने चुका उघड बोलाव्यात असं वाटत असेल तर पहिली चूक तुमची उघड व्हायला हवी. एका मोठ्या कामात मी क्लायंटला एक साधा प्रश्न विचारायचा विसरले, माझ्या समजुतीवर टीमला तीन आठवडे राबवलं, आणि काम परत आलं तेव्हा टीमला सांगितलं, "क्लायंटने ऐनवेळी बदललं." एका सहकाऱ्याने क्लायंटचा मूळ मेल पाहिलेला होता. तो काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे पाहून मान खाली घातली. चार दिवस मला ते सोसवेना. मग सगळ्यांना बसवून सांगितलं की क्लायंटने काही बदललं नाही, मीच विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. खोलीत कुणी काही म्हणालं नाही. त्याच आठवड्यात दोघे जण वेगवेगळे येऊन आपापल्या कामात काय अडलंय ते सांगून गेले. दोन्ही अडचणी अजून सुधारता येण्याजोग्या होत्या.

कबुली मात्र नेमकी हवी. "मला काही कळत नाही, तुम्हीच सगळे हुशार" असं सतत म्हणणारा प्रमुख टीमला घाबरवतो. जहाजाच्या कप्तानाने रोज 'मला पोहता येत नाही' म्हणून सांगण्यासारखं आहे ते. "ॲनिमेशनमधल्या हालचालीच्या वेळेचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तू सांग" हे नम्र आणि नेमकं दोन्ही आहे.

वरून आलेला निरोप टीमला देताना आणखी एक घसरण होते. "काय करणार, त्यांना तसंच हवंय" असं म्हटलं की आपण टीमच्या बाजूचे वाटतो, पण प्रत्यक्षात आपण निव्वळ पोस्टमन झालेलो असतो. क्लायंट म्हणाला, "लोगो मोठा करा." त्याला कशाची भीती वाटतेय, हे विचारणं तुमचं काम. नाव लक्षात राहणार नाही अशी भीती असेल तर त्यावर पाच उपाय निघतात, आणि लोगो मोठा करणं हा त्यातला एकच. टीमकडे भीती घेऊन या, आकार घेऊन येऊ नका. आणि काम दाखवायला जाताना ज्याचं काम त्याला बरोबर न्या, बोलू द्या. श्रेय नाव घेऊन द्या, त्या व्यक्तीसमोर आणि तिच्या माघारीही. याबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्हाला ते माहीतच असेल.

तुमचे वरिष्ठ म्हणतात तो ठामपणा कुठे हवा? निर्णयाच्या क्षणी. ऐकून घेणं म्हणजे मतदान घेणं नव्हे. मतदानातून निघणारं डिझाइन सगळ्यांना चालणारं आणि कुणालाच न भिडणारं असतं. न्यूयॉर्कमध्ये १९७२ मध्ये स्थापन झालेला ऑर्फियस हा वाद्यवृंद संचालकाशिवाय वाजवतो, आणि बिनप्रमुखाच्या टीमचं उदाहरण म्हणून त्याचं नाव नेहमी घेतलं जातं. पण आत पाहिलं तर प्रत्येक रचनेसाठी एक मुख्य वादक आणि एक छोटा गट नेमलेला असतो. रचना कशी वाजवायची याचा पाया हा गट आधी घालतो, मग सगळे मिळून तालीम करतात. पुढच्या रचनेला माणसं बदलतात. म्हणजे संचालक नसला तरी 'हे कोण ठरवणार' हा प्रश्न कधीच मोकळा सोडलेला नसतो. तुमच्याकडेही प्रत्येक कामाच्या सुरुवातीला हे बोलून टाका: रंग आणि अक्षरं तू ठरवणार, मजकूर ती ठरवणार, दोघांचं पटलं नाही तर मी.

निर्णय सांगताना माझं वाक्य साधारण असं असतं: "तिघांना दुसरा पर्याय जास्त चांगला वाटतोय, आणि त्यांचं कारण मला पटतं. तरी मी पहिला घेतेय, कारण हे मोबाइलच्या पडद्यावर दोन सेकंदांत कळायला हवं आणि दुसऱ्यात ते होत नाही. पंधरा दिवसांनी निकाल बघू. चुकलं तर चूक माझी." विरोधी मत आपण नीट ऐकलं होतं, हे त्या मताच्या माणसाला आपल्या तोंडून ऐकू आलं पाहिजे. आणि पंधरा दिवसांनी खरंच बघा. चुकलं असेल तर 'तू बरोबर होतास' हे सगळ्यांसमोर म्हणा.

दर आठवड्याला प्रत्येकाशी वीस मिनिटं एकेकट्याने बोला. तेरेसा अमाबिले या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २३८ जणांच्या जवळपास १२,००० रोजनिशी नोंदी तपासल्या होत्या. ज्या दिवशी अर्थपूर्ण कामात थोडी का होईना प्रगती झाली, तो दिवस लोकांना चांगला गेलेला होता. बाकी सगळी प्रोत्साहनं त्याच्या मागे. म्हणून त्या वीस मिनिटांत 'कसं चाललंय' विचारू नका, 'कुठे अडलंय' विचारा, आणि त्या आठवड्यात एक तरी अडथळा स्वतः दूर करा. कुणाला तरी फाइल मिळत नसते, कुणाचं मशीन हळू चालत असतं, कुणाच्या दोन वरिष्ठांनी दोन वेगळ्या सूचना दिलेल्या असतात. ही छोटी हमाली करणं मला प्रमुखाच्या कामातला सगळ्यांत समाधानाचा भाग वाटतो.

तुमच्या त्या जुन्या सहकारीबद्दल मी शेवटी लिहितेय, पण तुम्ही तिच्याशी सगळ्यांत आधी बोला. ती बरोबर बोलते आहे. तुम्ही पूर्वीचे राहिलेले नाही, राहू शकत नाही, आणि 'काहीच बदललेलं नाही' असं दाखवण्यात दोघांचीही दमछाक होते. तिला सांगा की तुम्हालाही हे अवघड जातंय, की तिच्या कामाबद्दल निर्णय आता तुम्हाला घ्यावे लागतील आणि त्यात मैत्रीची सवलत मिळणार नाही, पण तुमच्या तोंडावर खरं बोलणारी व्यक्ती म्हणून तुम्हाला तिची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे. मग विचारा, "मी बदललो म्हणजे नक्की काय करायला लागलो?" आणि उत्तर येईल तेव्हा सफाई देऊ नका. लिहून घ्या. कदाचित तिला त्या जागेची आशा असेल आणि ते दुःख अजून ओलं असेल. तसं असेल तर एका बोलण्यात काही सुटणार नाही, दोन-तीन महिने जातील.

ते बोलणं झालं की येत्या आठवड्यातल्या एकाच रिव्ह्यूत क्रम बदलून बघा. नवी पद्धत म्हणून जाहीर करू नका, नुसती करा. दहा मिनिटं सगळ्यांनी लिहायचं, नव्या माणसाने आधी बोलायचं, तुम्ही शेवटी, आणि प्रत्येक सूचनेचं वजन सांगून. पहिल्या वेळी शांतता नेहमीपेक्षा लांब वाटेल. तुम्हाला ती भरून काढावीशी वाटेल. हातात कागद-पेन्सिल ठेवा आणि थांबा.